धुऱ्यापलीकडच्या घराचा लिलाव

त्या घराचा लिलाव होणार आहे असं भाच्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो हा, की घर पाडायला किती दिवस लागतील.

"मशीन लावली त अर्धा दिवस," तो म्हणाला. "पण मले मशीन नाही लावायची, आत्या. मले हातानं पाडायचं हाय."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि चहा गाळायला घेतला. गाळताना हात थरथरले नाहीत. हे लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःला सांगत राहिले की त्या दिवसांत मी भानावर नव्हते. मी पूर्ण भानावर होते.

घर माझ्या भावाला, म्हणजे भाच्याच्या वडिलांना, मारणाऱ्या माणसाचं होतं. आर्णीपासून आत, पांदणीने, शेतांमधल्या गाडीवाटेने, अर्धा तास गेलं की आमचं वावर लागतं. त्याला लागून त्याचं वावर, आणि त्या वावरातच हे घर. आमच्याकडे लोक शेतात राहत नाहीत. राहायचं गावात, वावरात फार तर गुरांचा कोठा बांधायचा. पण त्याच्या आजोबांचं गावात कुणाशी पटलं नाही, म्हणून त्यांनी वावरातच दगडाच्या जोत्यावर मातीच्या भिंती उभ्या केल्या, सागाचे खांब रोवले, वर कवेलू घातले. लहानपणी मी त्या ओसरीवर बसून हुरडा खाल्ला आहे. तो जन्मठेपेवर गेल्यावर त्याच्या दोघी बहिणींनी वाटणी मागितली. वावराचे तीन तुकडे झाले, घराचे होईनात, म्हणून कोर्टाने घर आणि भोवतालचं अंगण लिलावात काढायला सांगितलं. त्याची मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात त्याची बायको एकटी राहत होती.

भावाचं मरण मला नीट सांगता येईल असं वाटत नाही, पण सांगायला हवं. भावाकडे एकच बैल होता, त्याच्याकडेही एकच. म्हणून दोघांची सावड होती. याचा एक आणि त्याचा एक अशी जोडी जुंपायची, आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. अकरा वर्षं ही सावड चालली, आणि त्याच अकरा वर्षांत दोघं धुऱ्यावरून भांडत होते. धुरा म्हणजे दोन वावरांमधली मातीची पट्टी. दरवर्षी नांगरताना कुणीतरी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त घेतो आणि धुरा चार बोटं बारीक होतो. दोघंही म्हणायचे, दुसरा कोरतो. माझा भाऊही कोरत होता. एकदा सुट्टीत मी गेले तेव्हा त्याने मला हसत हसत सांगितलं होतं, आणि मीही हसले होते.

श्रावणातली सकाळ होती. कपाशी गुडघ्याएवढी झालेली. दोन्ही बैल एका डवऱ्याला जुंपून दोघं ओळींमधलं तण काढत होते, आळीपाळीने औत हाकत होते. वळण घेताना डवऱ्याची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, धुऱ्यावरच्या तुरीत शिरली आणि चार-पाच झाडं उपटून आली. त्यावरून शिवी, शिवीवरून आई, आणि मग माझ्या भावाने हातातली तुतारी त्याच्या तोंडावर ओढली. तुतारी म्हणजे बैलाला टोचायची काठी, तिच्या टोकाला खिळा असतो. त्याचा गाल ओठापर्यंत फाटला. कुंपणाच्या काट्या तोडायला आणलेली कुऱ्हाड तिथेच पडली होती. पहिला घाव खांद्यात बसला, दुसरा मानेत. तिसऱ्यापुढे डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आहे, पडल्यानंतर. मी तीस वर्षं यवतमाळच्या एका शाळेत मराठी शिकवलं; वाचणं हे एकच काम मला नीट येतं. निकालपत्र मी तीनदा वाचलं. पहिला वार कोणी केला हे त्यात स्पष्ट आहे. तरी मी लोकांना सांगताना गोष्ट नेहमी कुऱ्हाडीपासून सुरू केली.

शवविच्छेदनानंतर मी त्याला पाहिलं. मान गोणपाट शिवावं तशी जाड धाग्याने शिवलेली होती, आणि एका बाजूला धागा कापायचा राहून गेला होता. मी कात्री मागितली. कुणी दिली नाही. शेवटी दाताने तोडला.

तेराव्या दिवशी तेरवी झाली. ती नेमकी खांदशेकणीला आली, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि त्यांना सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. त्या दिवशी आमच्या अंगणात बैल नव्हता, माणसंच होती. पंगत उठली, तरी भाच्याचे दोस्त आणि भावकीतली पोरं जाईनात. भाचा मुंडन केलेल्या डोक्याने मधोमध उभा होता. त्याची आई आधीच गेलेली. मी लग्न केलेलं नाही. त्यामुळे घरातली मोठी मीच. एकाने विचारलं, "मॅडम, तुमी सांगा. काय करायचं?"

शाळेत मी कधी पट्टीही उगारली नव्हती. मी म्हटलं, "त्या घरावर एक कवेलू ठेवू नका."

ते गेले. थोड्या वेळाने त्या बाजूला धूर दिसला. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग पेटवला होता. कवेलू फुटल्याचा आवाज इतक्या लांबून येणार नाही हे कळत असूनही मी कान देऊन उभी राहिले. दिवस मावळताना ते परतले. भाचा सगळ्यांच्या बऱ्याच मागून आला. कोपरापर्यंत रक्त, नखांत माती. "त्याचा बैल कापला," एवढंच म्हणाला. मी तांब्या घेतला आणि त्याच्या हातांवर पाणी घातलं. मग मला भूक लागली, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

आपल्या बैलाचं काय झालं, असं मी काही दिवसांनी विचारलं, तर म्हणाला, मामाच्या गावाला देऊन टाकला, डोळ्यांसमोर पाहवत नव्हता. मला ते पटलं.

आता चार वर्षांनी लिलाव निघाला होता. खुनाच्या घरावर पहिली बोली मेलेल्याच्या घरच्यांची, असं आमच्याकडे मानतात. कायद्यात हे कुठेही नाही. पण आम्ही उतरणार हे कळल्यावर तालुक्यात कुणी आमच्यासमोर तोंड उघडणार नव्हतं. भाच्याचं ठरलेलं होतं: घर पाडायचं, दगड उचलायचे, त्या जागेवर नांगर फिरवायचा आणि एक पीक काढायचं. माझ्याकडे नोकरीतून उरलेले पैसे होते, म्हणून अनामत माझ्या नावाने भरली. बोली मलाच लावायची होती.

तोपर्यंत रोज संध्याकाळी मी यवतमाळात, लोहाऱ्याकडच्या माझ्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि मनात ते घर पाडायची. एकदम पाडायची नाही. आधी कवेलू, मग वासे, मग आढं. भिंत ढकलताना आत कुणीतरी असायचं. कोण, ते मी पाहत नव्हते. पान तेच राहायचं.

लिलावाच्या आठ दिवस आधी घर पाहायला ठेवलं होतं. भाच्याने आर्णीच्या एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला सोबत घेतलं. पाडलेल्या घरांचं सागवान तो विकत घेतो. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणतो. मी भाच्याच्या गाडीवर, चाचा त्याच्या गाडीवर. धुऱ्यापाशी आल्यावर भाच्याने गाडी थांबवली.

"तुमी जा. मी नाही येत."

"काहून?" चाचा म्हणाला. "घर घेनार तू, अन् पाहनार आमी?"

"पाडायले येईन ना. पाह्यले कायले पाह्यजे?"

"बिना देखे त मी तरबूज बी नाही घेत, बेटा."

"तुमी तरबूज घ्या, चाचा. मी घर घेतो." तो धुऱ्यावर बसला आणि त्याने आमच्याकडे पाठ केली.

घराचं अर्धं छप्पर कवेलूंचं, अर्धं पत्र्यांचं होतं. दारावर कुऱ्हाडीचे घाव होते, आता काळे पडलेले. त्याची बायको ओसरीत उभी होती. गावनात्याने ती मला नणंदेसारखं बाई म्हणायची आणि मी तिला वहिनी. तिच्या डाव्या जबड्यावर लांब व्रण होता आणि बोलताना दिसत होतं की त्या बाजूचे दात नाहीत.

"या बाई," ती म्हणाली. पाण्याचे दोन पेले पुढे केले. मी घेतलं नाही. चाचाने दोन्ही प्यायले.

तो खांबांवर बोटांनी ठोकत आत गेला आणि वर पाहत राहिला. "किडा नाही. दरार नाही. ताई, ह्यात एक खिळा नाही पाहा. सगळं खाचेत बसवेल हाय. ज्यानं बनवलं त्याचे हात धुऊन पानी प्यावं."

"पाडायला किती दिवस लागतील?" मी तिच्यासमोरच विचारलं. तिला ऐकू जावं म्हणून विचारलं.

चाचाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी जरा मागून पाहतो," म्हणाला आणि निघून गेला.

मीही बाहेर पडले आणि कोठ्याच्या दारापाशी आले. आत एक बैल उभा होता. म्हातारा, पाठीचं हाड वर आलेलं, उजवं शिंग टोकाला तुटलेलं. ते शिंग मला माहीत होतं. दोन्ही बैल आमच्या अंगणात मी कितीदा पाहिले होते.

"हा कोणाचा?"

"आमचाच," ती मागून म्हणाली.

"तुमचा तर तेरवीच्या दिवशी कापला."

ती पुढे आली. मग म्हणाली, "तुमाले पोरानं सांगतलं नाही?"

"काय सांगायचं?"

ती कोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. मला बस म्हणाली नाही. तिने सांगितलं ते मी जमेल तसं तिच्याच शब्दांत लिहिते.

"त्या दिवशी दोनी बैल वावरात जुंपेलच राह्यले, बाई. ह्याले पोलिसायनं नेलं, तुमच्या भावाले गाडीत टाकून नेलं, अन् बैल डवऱ्यासकट उभे. दिवसभर. कोनाले आठोन नाही. दिवस बुडता म्या सोडले. आता तुमचा बैल तुमच्या घरी कसा न्याव? माह्या हातचं दावं कोन धरलं असतं? इथंच बांधला. रोज वाट पाहू, कोनी न्यायले येते का म्हनून. मंग खांदशेकनी आली. आमच्या एकट्याचे खांदे शेकू अन् त्याले तसाच ठेवू? पाव्हना व्हता थो. दोघायचे शेकले, शिंगं घासले, हिंगूळ लावला. तुमच्या इथं हिरवा लावतात, ठाऊक हाय मले. माह्यापाशी हिरवा नव्हता. दोघायले आवतन देलं."

आमच्या घरचा रंग हिरवा, त्यांचा हिंगुळाचा लाल. गावात शिंगांच्या रंगावरून बैल कोणाचा ते लांबून सांगतात. मी काय ऐकते आहे ते मला तेव्हा कळलं.

"तुमचा बैल इथं दारापाशी व्हता. धूर भरलता सगळा, शिंगंच दिसून राह्यलते. लाल शिंगं पाह्यले अन् तुमच्या पोरानं पाय तोडले. पुढचे दोनी. बैल पडला, तोंड वर केलं, मंग ओयखलं."

"कोणी?"

"दोघायनंही."

मी भिंतीला हात लावला.

"कुऱ्हाड टाकून त्याच्या मानेवर पडला पोर. बाकीच्यायले ओरडे, डॉक्टर आना, डॉक्टर आना. बाकीचे कवाच पयाले. माह्या तोंडातून रगत, कवेलू बसलं होतं इथं. म्याच म्हटलं त्याले, बाबू, आता संपव. पाहवत नाही. मंग त्यानं संपवला. कोठ्यामागं गड्डा खोदला. त्यानं अन् म्या."

"तू रिपोर्ट दिली नाहीस."

"ह्या घरचा एक गेलता, त्या घरचा एक गेलता. अजून कोनाले पाठवू?"

तिच्याबद्दल मला माया वाटली असं इथे यायला हवं, पण तसं झालं नाही. मला राग आला. माझ्या भाच्याने आयुष्यातली सर्वांत वाईट संध्याकाळ त्या बाईबरोबर खड्डा खोदत घालवली होती, आणि परत येऊन माझ्याशी खोटं बोलला होता. माझ्या हातून पाणी घेताना त्याच्या अंगावर माझ्या भावाच्या बैलाचं रक्त होतं, आणि हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. त्या क्षणी मी तिचं डोकं त्या चौकटीवर आपटू शकले असते. माझा हात तिच्या केसांपासून फार लांब नव्हता. आता ते घर जमिनीला मिळावं असं मला आधीपेक्षा जास्त वाटलं.

परत धुऱ्यापाशी आलो तेव्हा भाच्याच्या पायाशी तुरीची सोललेली काडी पडली होती.

"पाह्यलं?"

"पाहिलं," मी म्हटलं.

"चाचा, लाकूड किती निघन?"

"निघन भरपूर. मी नाही काढनार. दुसरा कोनी पाह्य."

"काहून?"

"कंबर दुखते."

"काल त नव्हती दुखत."

"काल मी हे घर नव्हतं पाह्यलं," असं म्हणत चाचाने गाडीला किक मारली.

आठ दिवस मी भाच्याला काही विचारलं नाही. तो रोज फोन करायचा, दगड कुठे टाकायचे, ट्रॅक्टर कोणाचा आणायचा, ते सांगायचा. कोठ्याची जागा तो आधी नांगरणार होता. ते ऐकून मला कळलं की या सगळ्या खटपटीत माझा भाऊ आता फारसा नाही. तरी मी हो म्हणत राहिले. लिलावाच्या सकाळी मी बोली लावायच्या इराद्यानेच घरून निघाले. हे मी कुणापासून लपवत नाही.

लिलाव आर्णीला, कोर्टाच्या आवारात होता. कडुलिंबाखाली काही खुर्च्या मांडल्या होत्या. भाचा दोस्तांना घेऊन आला होता. तेरवीच्या अंगणात होते तेच सगळे, आता अंगाने भरलेले, दोघांच्या कडेवर लेकरं. समोरच्या बाजूला वहिनी आणि तिचा भाऊ. तो हातात एक कागद घडी करून उभा होता, आणि तो कागद त्याने इतकी वेळा उघडझाप केला होता की घडीवर फाटला होता. बोली लावायला तोही पात्र होता. आम्ही उतरलो तर तो तोंड उघडणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बेलिफाने घराचं वर्णन वाचलं, चतुःसीमा वाचल्या. पश्चिमेला माझ्या भावाचं नाव आलं. मयत म्हणून. मग तो म्हणाला, "बोला."

कुणी बोललं नाही. भाच्याच्या एका दोस्ताने माझ्याकडे वाकून विचारलं, "मॅडम, सांगा ना."

मी मान वर केली तर ती सगळी पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती. त्या संध्याकाळीही ती अशीच पाहत होती. मी काही बोलले की ती पोरं जाणार होती, आणि मी घरी थांबणार होते, तांब्या भरून. मला त्या घराचा तितकाच तिटकारा होता जितका आदल्या दिवशी होता. पण मला बोलवेना.

"आत्या," भाचा म्हणाला. "हात वर कर."

मी हात मांडीवर ठेवले.

"आत्या, ऐकू येऊन राह्यलं का तुले?"

"येतं आहे."

"मंग?"

"मी बोली लावत नाही."

त्याने माझं उजवं मनगट पकडलं आणि हात वर ओढला. मी खाली ओढला. माझ्यात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं, मलाही नव्हतं. त्याने पिरगाळून पुन्हा वर नेला, आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो मी एकटीनेच ऐकला असावा, कारण बेलिफ माझ्या वर गेलेल्या हाताकडे बघून शांतपणे म्हणाला, "बाई, ही तुमची बोली समजायची का?"

"नाही," मी म्हटलं.

भाच्याने हात सोडला. बेलिफाने दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तिच्या भावाने खालच्या आवाजात कोर्टाने ठेवलेलीच किंमत सांगितली. तिसऱ्यांदा विचारून झालं, आणि घर त्यांचं झालं. ती तिथेच मातीत बसली. तिच्याकडे मी एवढंच पाहिलं.

मागून एक दोस्त म्हणाला, "म्हातारीनं भावाचं रगत विकलं."

भाचा वळला आणि त्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग पुन्हा मारला. तो खाली पडल्यावर त्याच्या छातीवर बसून मारत राहिला, एक शब्द न बोलता, जसं एखादं काम उरकावं. कडेवरची लेकरं रडायला लागली. चौघांनी ओढल्यावर तो उठला. त्याच्या मुठीवरची कातडी दातांनी फाटली होती. माझ्यापाशी आला, माझ्या हाताकडे पाहिलं. हात वेडावाकडा सुजला होता.

"चाल," म्हणाला.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि विचारलं, "पडलात का, काकू?"

मी हो म्हणणार होते. पायरी म्हणायची की न्हाणीघर, एवढंच ठरवत होते.

"नाही पडली," भाचा म्हणाला. "म्या पिरगाळला."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मुठीकडे पाहिलं आणि काही न विचारता लिहायला घेतलं. हाड बसवताना मी ओरडले. तो खोलीतच उभा राहिला. त्याला बाहेर जा म्हटलं होतं, तो गेला नाही.

प्लास्टर वाळेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी पाय मोडलेला एक म्हातारा फोनवर कुणाशी तरी सोयाबीनच्या भावावरून वाद घालत होता.

"तिनं सांगतलं तुले," भाचा म्हणाला.

"हो."

"कवा?"

"पाहायला गेलो तेव्हा."

"अन् आठ दिवस तू काई बोलली नाही."

"तू चार वर्षं बोलला नाहीस."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "पाय तोडल्यावर त्यानं माह्या हाताचा वास घेतला, आत्या. म्हनून मले समजलं. बाबा वावरातून आले की थो त्यायच्या हाताचा घेत जाय, तसाच." म्हातारा फोनवर शिव्या देत होता. "तिनं हिंगूळ काहून लावला त्याले? तसाच ठेवला असता त मी ओयखला असता."

"पोळा होता म्हणून."

"तिच्यासाठी थो दुश्मनाचा बैल व्हता."

"पाहुणा होता म्हणाली."

तो माझ्याकडे असा पाहत राहिला जणू ही गोष्ट मीच केली होती. त्याने फाटलेली मूठ शर्टात गुंडाळली. मी त्याला त्या संध्याकाळच्या माझ्या वाक्याची आठवण करून दिली, की तुम्हाला मी पाठवलं होतं. तो म्हणाला, "तू नसतं म्हटलं तरी मी गेलो असतो." खरं असेल. मला धीर द्यायला म्हणाला असेल. मी त्याला विचारलं नाही.

घर उभं आहे. पत्र्यांच्या जागी तिच्या भावाने पुन्हा कवेलू घातले असं ऐकलं. माझं मनगट थोडं वाकडं बसलं, त्यामुळे पेन जास्त वेळ धरता येत नाही. दिवसाला अर्धं पान होतं, कधी तेही नाही. गावात आम्हाला कुणी वाईट म्हणत नाही, पण लग्नाच्या पत्रिका कमी झाल्या आहेत. त्या दोस्ताचे दोन दात गेले. तो आणि भाचा बोलत नाहीत. भाऊ मला अजूनही मान शिवलेला दिसतो, घर पाडून तो तसा दिसायचा थांबला असता का, हे मला कळायचा मार्ग राहिलेला नाही.

भाचा रविवारी येतो. भाजी चिरून देतो, डबा भरून ठेवतो, माझ्या हाताकडे बघायचं टाळतो. मागच्या खेपेला निघताना दारात थांबला आणि म्हणाला, कोठ्यामागची, बैल पुरलेली जागा आता त्यांचीच राहिली. पोळ्याच्या दिवशी तिथं एकदा जाऊन यावं असं त्याला वाटतं. पण जायचं तर तिला विचारावं लागेल.

"मग विचार," मी म्हटलं.

"तू विचार."

अजून दोघांपैकी कुणी विचारलेलं नाही.